खंडेनवमीला चालवलेला कॉम्प्रेसर

चाळिशी उलटलेल्या बाईनं खेळण्यातल्या गाड्या रंगवत बसू नये, हे मला आजवर इतक्या लोकांनी सांगितलंय की आता ते ऐकता ऐकता मी निवांत चहा पिऊ शकते. शेजारणीनं सांगितलं, नणंदेनं सांगितलं, शाळेतल्या शिपायानं सांगितलं. एकदा तर कुरियरवाल्यानं खोकं हातात देता देता सांगितलं. सगळे मायेनंच सांगतात. मीही मायेनंच ऐकून घेते आणि आत जाऊन गाडी रंगवते.

आमचं घर उंब्रजला. मी रोज स्कूटरवरून कराडला जाते, तिथं एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. घरात आम्ही चौघं. नवरा ऊस बघतो, सासूबाई घर बघतात आणि सासरे आम्हा सगळ्यांकडं बघतात. सासरे फौजेतले. उभी नोकरी त्यांनी लष्कराचे ट्रक चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात काढली. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून ते त्याचं दुखणं सांगतात. गाडी या विषयावर आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि खरं तर पहिलाही.

चित्रकलेच्या बाईचं शाळेत काय होतं, ते चित्रकलेच्या बाईलाच विचारावं. पाहुणे आले, फलक लिहा. पंधरा ऑगस्ट आला, मैदानात रांगोळी काढा. साहेब निवृत्त झाले, मानपत्राभोवती वेलबुट्टी काढा. गावातही तेच. कुणाचं लग्न निघालं की रुखवत माझ्याकडं, बारसं निघालं की पाळण्यामागची थर्माकोलची अक्षरं माझ्याकडं. वीस वर्षं माझा हात लोकांच्या कार्यक्रमांना राबला, आणि कार्यक्रम संपला की केलेलं पुसलं गेलं. त्याचा मला राग येत नाही असं मी समजत होते. येत होता, चांगलाच येत होता.

कोरोनात शाळा बंद पडली तेव्हा मोबाईलवर मला एक परदेशी म्हातारा दिसला. वीतभर लांबीच्या मोटारीला तो रंग देत होता. एका दाराला त्यानं जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात माझं दोन पातेली दूध तापवून झालं असतं. ती गाडी कुणाच्या सत्कारासाठी नव्हती, कुठल्या स्टेजवर जाणार नव्हती. त्याला ती नीट रंगवायची होती, बस्स. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि चौथ्यांदा बघण्याऐवजी एक जीप मागवली.

ही गाडी आयती येत नाही. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीला चिकटून येतात, कोथिंबिरीच्या जुडीसारखे. ते एकेक कापायचे, घासायचे, जोडायचे. आधी प्रायमर, त्यावर रंगाचे पातळ हात, मग वरून चकाकीचा लॅकर. खऱ्या गाडीचं जे जे होतं ते सगळं, फक्त चोवीसपट लहान. लेक पुण्याला शिकायला गेली होती, तिच्या खोलीतलं खिडकीखालचं टेबल मी घेतलं.

आणि पहिल्याच गाडीला मी अशी चूक केली की जी फक्त आमच्याकडचं माणूस करू शकतं. आमच्या भागात गाडी रंगवायची म्हटलं की माणूस सरळ हायवेवरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं जातो. मीही गेले. कराडच्या नाक्याजवळ एका चाचांचं गॅरेज आहे. पांढरी दाढी, कोपरापर्यंत रंग. त्यांनी विचारलं, कुठली गाडी? म्हटलं, जीप. लावलीय कुठं? मी पर्स उघडली आणि जीप काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

चाचा हसले नाहीत. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, टपावरून अंगठा फिरवला आणि लाल रंगाची छोटी बाटली भरून दिली, सोबत थिनर. घरी येऊन मी मोठ्या ऐटीत ब्रश फिरवला. जीपचा टप आधी सुरकुतला, मग पापडासारखा आत वळला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ते प्रेत घेऊन मी पुन्हा गॅरेजवर गेले. या वेळी मात्र चाचा हसले, इतके की त्यांना टायरवर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "बाई, लोखंडाचं औषध प्लास्टिकला पाजलं. चूक तुमची न्हाई, देणाऱ्याची हाय." प्लास्टिकला चालणारा रंग कुठला, त्याची चौकशी त्यांनीच चार ठिकाणी फोन करून केली. पुढं मी एअरब्रश घेतला, म्हणजे पेनाएवढी फवारणीची गन, आणि तिला हवा देणारा बादलीएवढा कॉम्प्रेसर. पहिली धड गाडी दाखवायला नेली तेव्हा चाचांनी ती उजेडात धरून विचारलं, "किती हात दिले?" मी म्हटलं, चार. ते म्हणाले, तीन पुरले असते. एवढंच बोलणं झालं. पण येताना स्कूटरवर माझे डोळे भरून आले होते. माझ्या कामाबद्दल कामासारखा प्रश्न मला कुणी कित्येक वर्षांत विचारला नव्हता.

घरात असा प्रश्न यायची शक्यता नव्हती. कॉम्प्रेसर पाहून सासूबाई म्हणाल्या, नाकापेक्षा मोती जड. मला ते आवडलं, कारण खरंच होतं. नवरा म्हणाला, वास जातो न्हवं वाळल्यावर? जातो म्हटल्यावर त्याचा प्रश्न मिटला. सासऱ्यांनी टेबलाजवळ येऊन एकदा चष्मा वर केला आणि निकाल दिला: खेळणं. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की चहाबरोबर ते हेही द्यायला लागले, की आमची सूनबाई लय हुशार, खेळण्यातल्या गाड्या रंगवती. पाहुणा हसायचा, मी बशा उचलायचे.

आता आमच्याच भावकीत एकजण शर्यतीचे बैल पाळतो. त्या बैलांना बदाम खाऊ घालतो, त्यांची शिंगं रंगवतो, त्यांच्यासाठी नोकरीवर दांड्या मारतो. त्याला काय म्हणतात? शौकीन माणूस. पलीकडच्या आळीत एका मास्तरांनी कबुतरं पाळलीत, त्यांना म्हणतात हौशी. मी शाळा करून, स्वयंपाक आवरून, दुपारचे दोन तास एका टेबलाशी बसते, तर माझ्या डोक्यात फरक पडलाय. मी एकदा हे जेवताना बोलून दाखवलं. सासरे म्हणाले, बैल पळतोय. तुझी गाडी पळती का? सगळे हसले आणि भाकरी पुढं सरकली.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच दिवशी घडलं, एकदा नव्हे तर दोनदा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं औजारांची पूजा असते. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पाट मांडतात. खुरपी, विळे, कोयते, कुदळी, सगळं धुऊन पुसून त्यावर येतं. दारात ट्रॅक्टर धुऊन उभा करतात. सासूबाईंची विळी येते. सासऱ्यांचा एक लोखंडी पाना येतो, फौजेतून निवृत्त होताना आणलेला. त्यानं इतक्या वर्षांत कुणी एक नट फिरवलेला मी पाहिला नाही. झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, कोहळा कापायचा. आणि आमच्या घरचा नियम असा की पूजेला मांडलेल्या औजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस सुट्टी. सासूबाई आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवतात, इतका तो पाळतात. मला हा नियम फार आवडतो, अजूनही आवडतो.

पहिल्या वेळी मी माझी गन सुटी करून धुतली, आतली सुई पुसली, पुन्हा जोडली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन खुरप्याशेजारी ठेवली. सासरे पूजेला बसले. त्यांनी एकेका वस्तूवर नजर फिरवली, गन उचलली आणि मागं खिडकीत ठेवून दिली. म्हणाले, "खेळणी हितं मांडायची न्हाईत. ज्याच्यावर घर चालतंय तेच पाटावर येतंय."

तेवढ्यात नवऱ्यानं खिशातला मोबाईल काढून पाटाच्या कोपऱ्यावर ठेवला. यावरच कारखान्याचे मेसेज येतात, म्हणाला. मोबाईलला कुंकू लागलं. मोबाईलला झेंडूचं फूल मिळालं. मी आरतीचं ताट धरून उभी होते आणि खिडकीत माझी गन उन्हात चमकत होती. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा मला आजही राग येतो, सासऱ्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

कुणाला वाटेल, एका फुलासाठी एवढं काय. पण मला ते फूल हवं होतं. या घरात मी वीस वर्षं सगळ्यांच्या औजारांना ओवाळलं होतं. त्या पाटावर माझ्या हाताचं म्हणावं असं एक काही यावं, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मागून घ्यायचं नव्हतं.

त्यानंतरचं वर्षभर मी चेव आल्यासारखं काम केलं. एका लांब पाठीच्या जीपची मी आमच्याकडची वडाप केली, कराड-उंब्रज माणसं कोंबून नेणारी. मागच्या फळीला पोचे पाडले, एक दार मुद्दाम वेगळ्या पांढऱ्या रंगाचं केलं, कारण वडापची दारं कधी एका जन्माची नसतात. मग आमच्या शेतातली काळी माती चहाच्या गाळणीतून गाळली, पातळ केली आणि चिखल उडवला. सासरे दारातून बघत होते. म्हणाले, चांगल्या गाडीला घाण लावतीस. थोडं थांबून आत आले आणि म्हणाले, मागच्या चाकाचा चिखल असा वर चढत नाही, मडगार्डच्या पाठी साठून बसतो. बोटानं जागाही दाखवली. मी तो चिखल पुसून त्यांनी दाखवलेल्या जागी लावला आणि ती जीप एकदम उंब्रजच्या स्टँडवर उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. हे मी त्यांना सांगितलं. ते खूश झाले. संध्याकाळी पाहुण्याला म्हणाले, सूनबाईच्या खेळण्यात बी आता आमी हात घालतोय.

खेळणं म्हणजे खेळणंच. ठीक आहे, म्हटलं मनात.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी मी सडा घातला, पाट पुसला, फुलं तोडून दिली, नैवेद्याचं सगळं केलं. गन पाटावर ठेवायला गेले नाही. सगळे सोप्यात पूजेला बसले तसा मी कॉम्प्रेसर उचलला, अंगणातल्या कट्ट्यावर नेऊन ठेवला, वायर ओढली आणि बटण दाबलं.

घरात बंद खोलीत तो घुरघुरतो. मोकळ्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, सगळी आळी शांत असताना त्याचा आवाज पिठाच्या गिरणीएवढा वाटला. समोर एका जुन्या दोनदारी मोटारीची बॉडी काडीवर टोचून ठेवली होती. तिला शेवाळी रंग द्यायचा होता. मी गनच्या कपात रंग ओतला आणि सुरुवात केली. वीस वर्षांत मी या घरात कुणाच्या पुढ्यात मोठ्यानं शिंकलेसुद्धा नव्हते.

आधी नवरा आला. पूजा चाललीय म्हणाला. चालू दे की, मी म्हटलं, मी कुठं अडवलीय. तो म्हणाला, आज काम बंद असतंय, तुला ठाऊक हाय. मी म्हटलं, औजारांना बंद असतंय. हे तर खेळणं. खेळायला कधीपासून बंदी आली? त्याच्या ओठाचा कोपरा हलला. तो वळून आत गेला, आणि आत त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं असणार, कारण घंटी वाजायची थांबली.

भिंतीपलीकडून शेजारीण टाचा उंचावून बघायला लागली. सासूबाई उंबऱ्यापर्यंत येऊन मला खुणा करून गेल्या. माझी दोन्ही दारं रंगवून झाली, टपाला पहिला हात दिला. मग सासरे बाहेर आले. कपाळाला कुंकू, खांद्यावर नवा टॉवेल. कट्ट्याजवळ येऊन उभे राहिले. मी थांबले नाही. बॉनेटवर आले होते, आणि फवारणीत एक गोष्ट सांभाळावी लागते. हात गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि पार पलीकडं बाहेर नेऊनच गनचा खटका सोडायचा. मध्येच सोडला तर तिथं रंगाची रेघ बसते.

"बंद कर," ते म्हणाले.

"का मामा?"

कॉम्प्रेसर चालू होता. माझी गन बॉनेटच्या निम्म्यावर आली होती. मान वर करून मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते माझ्याकडं बघत नव्हते, गनकडं बघत होते. मेकॅनिक माणूस दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूकडं बघतो तसे.

"आज औजार चालवत न्हाईत," ते म्हणाले.

मी खटका सोडला. बॉनेटच्या मधोमध. मग वाकून कॉम्प्रेसर बंद केला. आळी पुन्हा शांत झाली, शेजारणीची बांगडी वाजलेलीसुद्धा ऐकू आली.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस न्हवं."

"न्हाई. आवाज होता याचा."

मी ऐकलं होतं. स्वच्छ ऐकलं होतं, आणि मी ऐकलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला असं पेचात धरणं हा उर्मटपणा होता. होताच. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. त्यांना तिथून निघून जाता आलं असतं. बाईमाणसाशी काय तोंड लावायचं म्हणून टॉवेल झटकून आत गेले असते, तर आळीतल्या एकाही माणसानं त्यांना नावं ठेवली नसती. ते गेले नाहीत.

"औजार हाय," ते म्हणाले, या वेळी शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आज त्याला इसावा दे."

मी गन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही. कपात राहिलेल्या रंगाकडं बोट करून म्हणाले, धुऊन आण आधी. रंगानं भरलेलं औजार पाटावर ठेवत न्हाईत, आतनं बी पूस. फौजेत कुणा पोराला सांगावं तसं, कोरडं. मी न्हाणीत जाऊन ती सुटी केली, धुतली, सुई पुसली, जोडली. मुद्दाम वेळ घेतला. सगळं घर त्या गनसाठी पूजा थांबवून बसलं होतं, आणि ते मला पुरतं बघून घ्यायचं होतं.

पाटावर जागा नव्हती. खुरपी, कोयते, विळी, मोबाईल, सगळं खेटून मांडलेलं. सासऱ्यांनी आपला फौजेतला पाना उचलला, मांडीजवळ जमिनीवर ठेवला आणि त्याच्या जागी गन ठेवली. कुंकू लावलं. फूल वाहिलं. मग पाना पुन्हा उचलून कसाबसा पाटाच्या कडेला टेकवला. सासूबाईंनी माझ्याकडं न बघता ताट माझ्या हातात दिलं. मी ओवाळलं, सगळ्यांना.

यानं घर बदललं असं कुणी समजू नये. सासरे पाहुण्यांना अजूनही सूनबाईची खेळणीच सांगतात, सवय गेलेली नाही. मी त्यांना दर वेळी सुधारते, पाहुण्यांसमोर, चहा देता देता. ते हूं म्हणतात. पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच. आमचं असं चाललंय.

ती शेवाळी मोटार मी पुढं पूर्ण केली. चाकं बसवली, काचा बसवल्या, लॅकर मारला. फक्त बॉनेट तसंच ठेवलं. निम्म्यावर जिथं खटका सोडला तिथं रंगाची जाड रेघ आहे, लांबूनही दिसते. चाचांना गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांची नजर पहिली तिथंच गेली. पॉलिश पेपर मारला तर दहा मिनिटांत जाईल म्हणाले, आणि खणातून कागद काढूनही दिला. मी कागद घेतला, आभार मानले आणि रेघ तशीच घरी आणली. ती मी घासणार नाही. तिथं माझा हात थांबलाय, आणि तो थांबवायला आमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खरं बोलावं लागलंय.